मागील पानावरून पुढे

४ जून २०२३, रविवार

ही वही शेठच्या कपाटातली. आमच्या अडत दुकानाचा हिशेब सगळा संगणकावर, टॅलीत. तरी लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीची एक कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, दरसाल विकत येतेच. पहिल्या पानावर 'श्री' काढायचं, हळदकुंकू वाहायचं, दुसऱ्या दिवशी वही कपाटात. पुढची पानं कोरीच. अशा नऊ वह्या साठल्यात. त्यातली २०२१ ची मी मागून घेतली. शेठनी विचारलं, "दिवाणजी, स्वतःचा धंदा काढताय की काय?" म्हटलं, नाही, पुस्तकं वाचायची म्हणतोय, त्याचा हिशेब ठेवीन. "ठेवा की," म्हणाले. हसले असते तर बरं वाटलं असतं.

हळदीचा हंगाम उतरलाय. जानेवारी ते मे सांगलीच्या मार्केट यार्डात मान वर करायला सवड नसते. आता दुपारी तीनला दुकानात मी, पंखा आणि तोलकाटा. तेव्हा 'वेळ मिळत नाही' ही सबब निदान सप्टेंबरपर्यंत बाद. शेवटचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत कधी वाचलं ते आठवायला बसलो तर २०१८ निघालं. हाच माणूस कॉलेजात असताना विश्रामबागच्या बसमध्ये एका हातानं दांडी धरून वाचायचा आणि स्टॉप चुकवायचा.

काम असं ठरवलं. मेहुण्यानं चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली ऐतिहासिक कादंबरी, पानं ६४०. रोज २० पानं, म्हणजे ३२ दिवसांत, ५ जुलैला खलास. वहीत रकाने चार: तारीख, वेळ, कुठून कुठवर, का थांबलो. चौथा रकाना सवयीनं आला. पोत्यात तूट आली की तुटीचं कारण लिहायचंच, ही दुकानाची शिस्त.

आज: पान १ ते १४. का थांबलो: जेवायला हाक आली.

११ जून

आठवड्याची आवक:
५ जून, १५ ते २६, झोप.
६ जून, शून्य, इस्लामपूरला लग्न.
७ जून, २७ ते ३१, झोप.
८ जून, शून्य.
९ जून, शून्य.
१० जून, परत १ ते १८. कोण कुणाचा मेहुणा आणि कुठला किल्ला कुणाकडं ते विसरलो होतो, म्हणून पहिल्यापासून.
आज १९ ते २४. डोळे चुरचुरले.

३१ वरून २४ वर आलोय. माल यायच्या ऐवजी परत चाललाय.

१८ जून

आज पुस्तक उभं धरून त्याची कड बघितली. पहिली शंभरेक पानं मळकट, बोटांच्या घामानं पिवळी पडलेली. त्यापुढं एकदम पांढरं शुभ्र, जणू दोन वेगवेगळी पुस्तकं एकत्र बांधलीत. नखानं रेघ सापडली तिथं उघडलं: पान ११२. म्हणजे गेल्या सात वर्षांत मी हे पुस्तक कितीदा तरी सुरू केलंय आणि ११२ च्या पुढं एकदाही गेलेलो नाही. ११२ वर नेमकं काय होतं ते मला आज सांगता येत नाही. पहिली दहा पानं मात्र जवळपास पाठ आहेत. पहाटेचं धुकं, घोड्यांच्या टापा, बुरुजावरचा म्हातारा पहारेकरी. त्या पहारेकऱ्याला मी घरच्या माणसापेक्षा जास्त वेळा भेटलोय.

४ जुलै

उद्या कादंबरी संपायची होती. आज पान ४१ वर आहे.

दर चढायला लागलेत. हंगामात न विकता घरात ठेवलेली हळद लोक आता बाहेर काढतायत, त्यामुळं दुपारची शांतता गेली. आज कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचे एक शेतकरी तीस पोती घेऊन आले होते. तोलाईला वेळ होता, वही उघडी होती, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "मग आमच्या गावाला या की. आमच्यात सातला भोंगा हुतो."

पेपरात वाचलं होतं, पण गावचा माणूस सांगतो तेव्हा वेगळं वाटतं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि शाळा परत सुरू झाली तरी मोबाईल पोरांच्या हातातनं सुटेना. म्हणून २०२२ च्या ऑगस्टपासून गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, वाचायचं. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळे. मी विचारलं, मोठी माणसं काय करतात त्या दीड तासात? "काय करत्यात! पयले चार दिवस भिताडाकडं बघत बसली. मग बोलाय लागली एकमेकाशी. आमची म्हातारी म्हणती, भोंगा झाल्यापासनं मला सून हाय ते कळलं."

त्यांची हिशेबपट्टी केली, पैसे दिले. घरी येताना ठरवलं की आपलाही एक भोंगा पाहिजे. फोनवर रात्री नऊचा गजर लावला.

११ जुलै

गजराचं काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण कीर्द खोटी लिहायची नाही. गजर वाजतो, तो बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि घेतला की व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर उद्याच्या दराची चर्चा चाललेली असते. साडेनऊला लक्षात येतं की आपण वाचायला उठलो होतो. धाकटी म्हणाली, "पप्पा, तुमचा भोंगा मोबाईल बंद करायला नाही, चालू करायला वाजतो."

भोंगा सगळ्या गावाचा एकदम वाजतो, म्हणून चालतो. एकट्याचा वाजून उपयोग नाही. गजर काढून टाकला.

१६ जुलै, रविवार

आज चौथ्या रकान्याची बेरीज मारली. ४३ दिवसांत वाचलं ते १८ दिवस. त्या १८ मध्ये थांबायची कारणं: झोप ७, डोळे किंवा डोकं ६, फोन २, हाक ३.

फोन फक्त दोनदा! दीड महिना मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की या मोबाईलनं वाचन मारलं. माझ्याच अक्षरातला हिशेब वेगळं बोलतोय. फोन मला पुस्तकापर्यंत पोचू देत नाही हे खरं, पण हातात घेतलेलं पुस्तक खाली ठेवायला लावतंय ते दुसरंच काहीतरी.

मग डोळ्यांच्या सहा नोंदी बघितल्या. सहाच्या सहा रात्रीच्या, हॉलमधल्या ट्यूबलाईटखालच्या. झोपेच्याही सात रात्रीच्याच, आणि दर वेळी दहाबारा मिनिटांत. दुपारी दुकानाच्या दारात उजेडाला बसून दोनदा वाचलं होतं. त्या दोन्ही वेळा कारण 'गिऱ्हाईक'. (ते मी हाकेत धरलंय.) एकदाही झोप नाही, डोळे नाहीत.

बायकोला दाखवलं. तिनं वहीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "अहो, तुम्ही पेपर किती लांब धरून वाचता ते तुम्हाला दिसत नाही, आम्हाला दिसतं. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख कोण वाचून देतं तुम्हाला?"

२० जुलै

चाळिशी लागलीय. शब्द इतका घरचा आहे की त्याचा अर्थ कधी लावलाच नव्हता: चाळिशी उलटली की लागतो तो चष्मा. चष्म्याच्या दुकानातल्या पोरानं समजावलं की डोळ्याच्या आतलं भिंग वयानं ताठ होत जातं, जवळचं बघायला ते फुगावं लागतं ते फुगत नाही. लांबचं ठीक असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मला तर लागायचं कारणच नव्हतं. संगणक हातभर लांब, आणि फोनवरची अक्षरं केव्हातरी धाकटीनं मोठी करून दिलेली. बारीक टाईप वाचायचा प्रसंग दिवसात एकच, रात्री पुस्तक उघडल्यावरचा.

त्यानं तपासायच्या चौकटीत काच घातली आणि हातात तक्ता दिला. वरच्या ओळी वाचल्या. खाली मुंगीच्या रांगेसारखी जी ओळ होती तिच्यातला अनुस्वार दिसला. काळा, गोल, अक्षराच्या डोक्यावर नीट बसलेला. किती वर्षांत अनुस्वार असा सुटा बघितला नव्हता! मी नुसते अंदाजानं वाचत होतो आणि अंदाज बांधून बांधून दमत होतो. त्या दमण्याला मी आळस म्हणत होतो, वय म्हणत होतो. एकदा तर, रात्री दोनला, आपली बुद्धी कमी झाली असंही म्हणालो होतो.

नंबर अधिक दीड. चष्मा चार दिवसांनी मिळेल.

३० जुलै

चष्मा आला. वाचन आलं नाही.

वाटलं होतं आता गाडी सुटेल. २५ तारखेला ४२ व्या पानावर बसलो, अक्षर लख्ख, आणि मजकूर परका. हे सरदार कोण, हा का रागावलाय? मागं गेलो, अजून मागं गेलो, धुक्यापर्यंत गेलो. तोच पहारेकरी. पुस्तक मिटलं. २६ ते २९ शून्य. का थांबलो: सुरूच केलं नाही.

६ ऑगस्ट, रविवार

रद्दीच्या दुकानात जुने पेपर घालायला गेलो होतो. काट्याशेजारी पुस्तकांचा ढीग, त्यातलं एक उचललं. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, सुरुवात थेट पान १७ वरून. पहिला फर्माच सुटून गेलेला, सोळा पानांचा. खालच्या कोपऱ्यात चॉकलेटी रेघ, तिच्याखाली पानं लाटेसारखी उठलेली, आणि वास. सांगलीत राहणाऱ्याला तो वास सांगावा लागत नाही. २०१९ चा गाळ.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागात आमच्या घरात पाणी स्विचबोर्डापर्यंत. वडिलांची पुस्तकं कॉटखालच्या ट्रंकेत होती. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आतली पुस्तकं विटांसारखी एकमेकांना चिकटलेली, एक काढायला जावं तर तीन फाटायची. गाद्या, भिजलेली ज्वारी आणि पुस्तकं, तिन्हींचा एकच ढीग दारात लावला. डंपर आला तेव्हा मी आत पाणी मारत होतो, मुद्दाम. नगर वाचनालयाचीही पुस्तकं त्याच पुरात भिजली. फळीवर होती म्हणून वाचलेली आमची पंधरावीस पोत्यात भरून माळ्यावर टाकली, ती अजून तिथंच आहेत. तेव्हापासून आमच्या घरात पुस्तक ही वाचायची वस्तू राहिली नाही, पाण्यापासून वर ठेवायची झाली. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

रद्दीवाल्यानं दहा रुपये घेतले. "दिवाणजी, ह्याला सुरुवात नाही, बघून घ्या," असंही म्हणाला. सचोटीचा माणूस.

९ ऑगस्ट

पुस्तक एका स्टेशनमास्तरच्या आठवणींचं निघालं. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीकडून लातूरला जाणाऱ्या बार्शी लाईट रेल्वेवर ते कुठंतरी होते. अडीच फुटांचे रूळ, छोटी गाडी. पान १७ ची पहिली ओळ अर्ध्या वाक्यापासून सुरू होते आणि त्यात कुणीतरी टोकन हरवलेलं आहे. टोकन हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढं काढणार नाही, आणि गाडीत पंढरीचे वारकरी. कुणी हरवलं, हा स्टेशनमास्तर कुठल्या गावचा, कसा लागला नोकरीला, सगळं पहिल्या सोळा पानांत असणार आणि ती पानं कृष्णेनं नेली.

मागं जायची सोयच नाही. म्हणून पुढं गेलो. तीन पानांत माणूस ओळखीचा झाला.

दुकानात दारापाशी वाचतोय. १७ ते ३१. का थांबलो: सौद्याची वेळ.

१३ ऑगस्ट

तीन दिवस खंड पडला. आज उघडायच्या आधी वाटलं, पुन्हा सगळं विसरलं असणार. म्हणून आधी आठवेल ते वहीत लिहून काढलं, एका ओळीत: 'टोकन सापडलं, पाण्याच्या हौदात होतं, मास्तरांनी वर कळवलं नाही, आता तपासनीस येणार आहे.' मग वाचायला लागलो आणि काही अडलं नाही.

ओळ लिहिली कुठं ते बघितल्यावर माझं मलाच हसू आलं. पानाच्या माथ्यावर. वीस वर्षं मी हेच करतोय. हाती कीर्द होती तेव्हा पान भरलं की तळाला बेरीज, 'पुढील पानावर नेले'. नव्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा, 'मागील पानावरून आणले'. तिसऱ्या महिन्याचा हिशेब करायला कुणी पहिल्या महिन्याच्या पहिल्या पानापासून बेरीज मारत नाही. मारली तर वर्ष कधी संपणारच नाही. आणि कादंबरीचं मी सात वर्षं नेमकं तेच करत होतो.

पाचवा रकाना आखला. रोज थांबताना एक ओळ, जास्त नाही. रसग्रहण नको, सुविचार तर अजिबात नको. फक्त शिल्लक: कोण कुठं उभा आहे आणि काय व्हायचं राहिलंय.

२७ ऑगस्ट

पानं ३२ ते १०३. खंड पाच दिवसांचा एक, दोन दिवसांचे दोन. पाच दिवसांच्या खंडानंतरही मागं जावं लागलं नाही. आता नमुना म्हणून काही शिल्लका:

'तपासनीस गेला. मास्तरांना झोप नाही.'
'बायको बाळंतपणाला माहेरी. डब्याची सोय पॉइंटमनकडं, तिखट फार.'
'पाऊस नाही, इंजिनाला पाणी नाही, गाडी तीन तास उभी, प्रवासी उतरून शेंगा खातायत.'

हमाल मामा रोज दुपारी विचारतात, "मास्तरचं काय झालं?" मी कालची ओळ वाचून दाखवतो. शेंगांचा भाग त्यांना दोनदा पाहिजे होता.

१६ सप्टेंबर

स्टेशनमास्तर संपले. पान २०८. शेवटचं पान शाबूत होतं, ते निवृत्तीच्या दिवशी घरी रेल्वेनं न जाता बैलगाडीनं जातात. का, ते लिहिलेलं नाही. कदाचित पहिल्या सोळांत असेल.

पाच वर्षांनी पुस्तक संपलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. आज आमच्या गणपती मंदिरात चोर गणपती बसला. चतुर्थीच्या आधी, ढोल नाही, ताशा नाही, मिरवणूक नाही. दरवर्षी येतो तसा गुपचूप येऊन बसला. मीही दुकानातनं येताना नमस्कार केला आणि घरी येऊन वहीत रेघ मारली. बायकोला मात्र कळलं होतं. माझ्यापुढं चहा ठेवून म्हणाली, "झालं वाटतं. माळ्यावरचं पोतं काढायचं का?"

काढलं. कसर दोन पुस्तकांत लागलीय, बाकी धड आहेत. उन्हात घातली.

१५ ऑक्टोबर, रविवार

घटस्थापना, आणि वाचन प्रेरणा दिनही. सकाळपासून फोनवर पुस्तक हातात धरलेल्या माणसांचे फोटो येतायत. चांगलं आहे, वाईट काही नाही, पण त्यातल्या निम्म्यांची नजर पुस्तकावर नसून कॅमेऱ्याकडं आहे. मीही पाठवणार होतो एक. चष्म्यावर उजेड पडून डोळे दिसेनात, म्हणून राहिलं.

उन्हात घातलेल्यांपैकी कथांचं एक पुस्तक चाललंय. कथेत शिल्लक काढावी लागत नाही, एका बैठकीत संपते. सोपं काम. पण मन कादंबरीकडं जातंय.

२२ ऑक्टोबर

६४० पानांची कादंबरी परत काढली. या वेळी पान १ उघडलं नाही. ११२ ची नखाची रेघ शोधली. अडचण एकच, मागची शिल्लक कुठंच लिहिलेली नव्हती. बायकोनं ही कादंबरी आठ दिवसांत वाचून संपवली होती, ज्या वर्षी मेहुण्यानं दिली त्याच वर्षी; हे मला माहीत होतं आणि सोयीनं विसरलो होतो. ती स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होती. म्हटलं, ११२ पर्यंत काय झालंय ते सांग, पण पुढचं सांगू नको.

तिनं पीठ लागलेल्या बोटांनी मोजत सांगितलं. "एक, म्हातारा पहारेकरी मेलाय. दोन, धाकट्या भावानं किल्ला देतो म्हणून सांगितलंय पण देणार नाही. तीन, वहिनीला ते कळलंय. चार, धान्य संपत आलंय." मग तव्यावर थालीपीठ टाकून वर भोक पाडता पाडता म्हणाली, "एवढंच. बाकी सगळं धुकं आहे."

पहारेकरी मेलाय! इतक्यांदा भेटलो आणि मला कळवलं नव्हतं कुणी.

चार ओळी माथ्यावर उतरवल्या. ११३ ते १२९. का थांबलो: थालीपीठ.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

दुकानात पूजा झाली. नवी लाल कीर्द, नवं 'श्री'. शेठनी पूजेनंतर ती कपाटात ठेवायच्या आधी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "जुनी भरली का?" म्हटलं, अजून साठ पानं आहेत. "मग ही राहू दे इथंच," म्हणाले आणि नवी वही कपाटात न ठेवता माझ्या मेजाच्या खणात सरकवली.

यार्डात फटाके, घरी पाहुणे, धाकटीची रांगोळी अर्धी. रात्री साडेअकराला दहा मिनिटं मिळाली.

३३८ ते ३४३. का थांबलो: दिव्यात तेल घालायला उठलो.

शिल्लक: धान्य दोन दिवसांचं. वहिनीनं खलिता लिहिला, शिक्का धाकट्याचा चोरून मारला. जासूद निघालाय पण नदीला पाणी आहे, अलीकडच्याच काठावर बसलाय. पुढील पानावर नेले.